जुने दाते, नवी चेन

सायकल दिसली की गुरुजी आधी चेनीकडे बघत, मग माणसाकडे. पाहुणा दारात चपला काढत उभा, आणि गुरुजी त्याच्या सायकलीपुढे उकिडवे बसलेले. बोटाने चेन जरा उचलून पाहायची, मागच्या चक्राचा एखादा दाता नखाने चाचपायचा आणि मान वर करून विचारायचं, "लगन कधीचं हे?" नवखा माणूस गोंधळून आपल्या लग्नाचं साल सांगायचा. गुरुजींना त्याच्या संसाराशी काही देणंघेणं नसे. ही चेन या चक्रावर कधी चढवली, एवढंच त्यांना हवं असे.

मी त्यांचा सहकारी आणि भाडेकरू. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी अनसिंगजवळच्या त्या लहानशा गावात माझी पहिली नेमणूक झाली. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, वाशिम नुसता तालुका. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक तिघे: हेडमास्तर, गुरुजी आणि मी. एकट्या बिनलग्नाच्या पोराला खोली द्यायला गाव कां-कूं करत होतं. गुरुजींनी गोठ्याशेजारची खोली झाडून दिली आणि जेवायला घरातच या म्हणाले. त्यांचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. माझं तसं नव्हतं. सुट्टीत घरी गेलो की मी सांगत असे, खानावळीत जेवतो. त्या गावात खानावळ नव्हती. वडील कधी पाहायला आले नाहीत म्हणून निभावलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल.

पुढचं असं, की गुरुजींच्या मुलीच्या सायकलीची चेन गुरुजींनी बदलली नव्हती. ती मी बदलली. गावाला वाटलं गुरुजींनी, कारण त्यांनीच तसं सांगितलं, आणि मी गप्प बसलो. इतकी वर्षं गप्पच होतो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांची मुलगी सुजाता भेटली. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सर, लिहून टाका ना आता. बाबा नाहीत, मोठे बाबा नाहीत. कोणासाठी झाकून ठेवता?" मोठे बाबा म्हणजे गुरुजींचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर तर मी या बाबतीत जन्मात तोंड उघडलं नाही.

पण गुरुजी म्हणजे ती एक चेन नव्हे.

शाळेत गुणोत्तर शिकवायचं असलं की ते सायकल उचलून वर्गात आणत आणि टेबलावर उलटी ठेवत. पुढची चकती एकदा फिरली की मागचं चाक किती वेळा फिरतं ते पोरांनी मोजायचं. पोरं मोजण्यापेक्षा चाक फिरवण्यातच रमत, त्यांचे सदरे काळे होत, आणि संध्याकाळी कोणाची तरी आई दारात येऊन भांडे. "गुरुजी, पोट्ट्याले शिकवता का मिस्तरी करता?" गुरुजी शांतपणे म्हणत, "बाई, दोन्ही झाला तर तुहंच भलं आहे ना."

एकदा तपासणीला साहेब आले, सायकलवरच. तपासणी चालू असताना गुरुजी बाहेर सटकले, ते साहेबांच्या सायकलीचं मागचं चक्र खोलून बसले. का, तर त्याचा आवाज त्यांना रुचला नव्हता. खोललं खरं, पण आतले छर्रे अंगणात सांडले, त्यातले काही कोंबड्यांनी दाणे समजून टिपले, आणि साहेबांना बैलगाडीतून परत जावं लागलं. शाळेचा शेरा काय आला असेल ते सांगायला नको. हेडमास्तर आठवडाभर बोलले नाहीत. गुरुजींना दुःख एवढंच होतं, की ते चक्र फार चांगलं होतं.

तेव्हा त्यांना सगळं कळत होतं असं कोणी समजू नये. जवसाच्या तेलाइतकं चेनीला दुसरं तेल नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. जवसाचं तेल सुकलं की डिंक होतं, हे गुरुजींच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं, गुरांनाही माहीत असावं. गुरुजी बुधला घेऊन जात, चेनीला पाजत, आणि दोन दिवसांनी ती झाडाच्या फांदीसारखी ताठ होई. वहिनी चुलीपुढून ओरडत, "माह्या भाजीचं तेल त्या डाकिणीले पाजून राह्यले! आनं वरून भाजी कोरडी काहून म्हणता?" गुरुजी रॉकेल घेऊन चेन धूत बसत. पुढच्या महिन्यात पुन्हा जवस.

रामनवमीला पोहरादेवीला यात्रा भरे. गुरुजी दर वर्षी जात. लोक दर्शनाच्या रांगेत, आणि गुरुजी बाहेर कडुनिंबाखाली लावलेल्या सायकलींच्या रांगेत. एकेकीपुढे वाकून, हळहळून पुढे जात. एका वर्षी लोकांनी चोर समजून धरलं. सुटून आले ते खुशीत. "मास्तर, लय सायकली पाह्यल्या. पण एकाही घरात सून-सासू एका वळणाची नाई."

त्यांची स्वतःची सायकल म्हणजे असंच एक घर होतं. फ्रेम अकोल्याच्या जुन्या बाजारातली, शर्यतीच्या परदेशी सायकलीची, हलकी, हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मागचं चाकही तिचंच. त्या चाकावरच्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, पेचाचे आटे परके. आपल्याकडचं दुसरं चक्र त्यावर चढतच नसे. पुढची मोठी चकती आणि चेन त्यांच्या वडिलांच्या काळ्या सायकलीची. पायडलं मात्र वाशिमच्या दुकानातली नवीकोरी. लोक हसत. गुरुजी म्हणत, "आजा, बाप आनं नातू एका चुलीवर जेवून राह्यले. हसता कायले?"

मी एकदा विचारलं होतं, की ज्या घराने एका दिवसात देव्हारा रिकामा केला, त्या घरात ही जुन्याची एवढी माया कशी. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. अशा वेळी ते पुस्तकी मराठी बोलत. "मास्तर, जे माणसाला माणूस म्हणत नव्हतं ते टाकलं. टाकताना आमच्या बापाने मागं वळून पाहिलं नाही. पण सायकलीने कधी आमची जात विचारली नाही. तिला का टाकू?"

आणि मग त्यांचा तो धडा, जो मी तिथे राहून निदान तीनदा ऐकला. चेन झिजते तशी लांबते. चक्राचे दाते झिजतात तशा त्यांच्यातल्या खाचा रुंदावतात. दोघं सोबत झिजले तर एकमेकांना धरून चालतात, कोणाला काही कळत नाही. पण त्यातलं एकच नवं आणलं, की ते जुन्याच्या खाचेत बसत नाही. सपाटीवर बसल्यासारखं करतं. चढावर जोर आला की दात्यावर चढतं आणि सटकतं. "पार्ट चांगला का वाईट, हे इचारू नका, मास्तर. कोनासंगं आहे ते इचारा." मी मान हलवत असे. लक्ष बहुधा वहिनींच्या भाकरीकडे असे.

माझ्या तिथल्या पहिल्या वर्षाच्या शेवटी सुजाता सातवी पास झाली. आठवीला अनसिंगला जायचं, म्हणजे दोन कोस मुरमाचा रस्ता, मध्ये ओसाड बरड आणि त्या बरडाचा चढ. त्या घरातली एकही बाई सातवीपुढे गेलेली नव्हती. बहुतेकींनी शाळेची पायरीही पाहिली नव्हती. थोरल्या भावाचा, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू, शिकण्याला विरोध नव्हता. ते रोज बरडाच्या पायथ्याशी आपल्या शेतात असत आणि तो रस्ता त्यांना ठाऊक होता. त्यांनी एकच अट घातली होती. "एकटी पोट्टी पायी नाई जाणार. सायकलीनं जाईन तर जाऊ दे. पन सायकल धोका देनारी नसली पायजे, लहान्या." गुरुजींनी आपली शर्यतीची सायकल तिला दिली. सीट खाली घेतली, हँडल वर वळवलं, आणि उन्हाळाभर अंगणात तिला शिकवलं. म्हणजे तिची सगळी शाळा त्या सायकलीवर टांगलेली होती, आणि हे मला माहीत होतं.

शाळा उघडायच्या आधी गुरुजी दोन दिवस वाशिमला प्रशिक्षणाला गेले. मी त्या घरात वर्षभर जेवलो होतो आणि त्यांनी माझ्याकडून जेवणाचं काही घेतलं नव्हतं. मुलीला काहीतरी द्यावं असं मनात होतं. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की पहिल्या दिवशी तिच्यासोबत अनसिंगला मी जाणार होतो, तिथल्या हेडमास्तरांची ओळख करून द्यायला. माझे एक मामा तिथे राहत. त्या काळ्या, डिंकाळलेल्या, जोड दिलेल्या चेनीच्या सायकलीशेजारून भर बाजारातून जायची मला लाज वाटत होती. सायकलीची की आणखी कशाची, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मी नवी चेन आणली आणि बसवली. चांदीसारखी लखलखत होती. सुजाता शेजारी उभी होती. "बाबांना सांगू नको, गंमत करू," मी म्हणालो. ती टाळ्या वाजवून हसली. जुनी चेन मी त्याच दुपारी आलेल्या भंगारवाल्याच्या टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाल्यापर्यंत ती माझ्यापुढे होती, वेणी उडवत, मध्येच मागे वळून, "सर, तुमची सायकल बैलगाडी आहे का?" बरडाचा चढ लागला. ती सीटवरून उठली आणि सगळा जोर देऊन पायडल दाबलं. कट्ट असा आवाज झाला. पाय खाली निसटला, हँडल वळलं आणि ती हनुवटीवर मुरमात पडली.

दादा शेतातून धावत आले. माझ्या आधी पोहोचले. तिला उचललं, धोतराच्या सोग्याने हनुवटी दाबून धरली, आणि अनसिंगच्या डॉक्टरकडे नेऊन टाके घालून आणली. गुरुजी वाशिमहून परतले ते थेट भावाच्या अंगणात. सायकल तिथेच पडली होती. ते वाकले. त्या लखलखत्या चेनीवरून त्यांनी बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. सुजाताकडे पाहिलं. तिने पट्टी बांधलेली हनुवटी छातीशी लावली.

"नवी चेन कोन लावली?" दादांनी विचारलं.

"मी लावली, दादा," गुरुजी म्हणाले. "जायच्या आधी. मले वाटलं, पोरीले नवं पायजे."

"तू? साऱ्या गावाले अक्कल वाटत फिरतं, आनं सोताच्या पोरीले..." दादांचा आवाज फुटला. "बंद. आजपासून सायकल बंद. शाळाही बंद."

मी तिथे, दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. तेरा वर्षांची पोर माझ्याकडे बघत होती, की सर आता बोलतील. मी बोललो नाही. मग तिनेही मान खाली घातली, आणि माझं खोटं तिच्या वाट्याला आलं. इतकी वर्षं मला टोचलं ते पडणं नव्हे, ते तिचं मान खाली घालणं.

घरी आल्यावर मी गुरुजींपुढे रडायला लागलो. त्यांना घाई होती. "दिसलं मले. तुमच्या वहिनीले एवढी चमकदार वस्तू मी कधी आणली नाई, सायकलीले कुठून आणीन? जुनी चेन कुठं आहे?"

मी भंगारवाल्याचं सांगितलं. त्या क्षणी मात्र त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "गेली म्हणजे अकोल्याच्या भट्टीत."

"मी दादांना सांगतो, गुरुजी. आत्ता जाऊन सांगतो."

"नका सांगू. दादाचा राग माह्यावर दोन दिवस टिकते. तुमच्यावर जलमभर टिकन. आनं मंग तो म्हनन, परक्याले घरात घेतलं म्हनून झालं. ते मले आयकायचं नाई." मग पाना शोधत, "तुमचं पाप नंतर पाहू, मास्तर. आधी चेन पाहू. तिकडे पोरीचं नाव हजेरीतून कापतीन."

मागचं चक्र नवं घालता येईना, आटे परके. मग त्या जुन्या चक्राला, त्याच्याइतकीच झिजलेली चेन शोधायची. दुकानात नवी चेन मिळते. नेमकी म्हातारी झालेली कुठे मिळणार? गुरुजींनी शाळेत पोरांना सांगितलं, बाजाराच्या दिवशी ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगितलं, घरात पडलेली जुनी चेन आणा. आणि चेनी यायला लागल्या. कोणी खुंटीवरून काढून आणली, कोणी बकरी बांधलेली सोडवून आणली. इंझोरीचा एक पाहुणा पिशवीत तीन घेऊन आला. ओट्यावर गुरुजी बसलेले, समोर रॉकेलचं घमेलं, आणि एकेक चेन धुऊन चक्रावर घालून पाहायची. अगदी स्थळं बघायला बसावं तसं. "ही लय जवान आहे. ही दिसायले बरी, पन अंगात दम नाई. ही? हिचं पहिलं घर कोनतं होतं, ते सांगा आधी." वहिनी चहा देऊन देऊन थकल्या. "पोरीच्या लग्नात एवढे पाहुणे येनार नाईत," म्हणाल्या.

हाताने फिरवून पाहताना जमलेली चेन चढावर टिकते का, हे चढावरच कळतं. सुजाताला तर बंदी. मग सकाळी शाळेआधी आम्ही दोघे बरडावर जायचो. गुरुजी पन्नाशीचे, काटकुळे. एक चेन घालायची, पळत चढाला भिडायचं, जोर द्यायचा, कट्ट, की माणूस मुरमात. आधी ते पडले. मग मी हट्टाने बसलो. मीही पडलो, पुन्हा पुन्हा पडलो. खरं सांगतो, गुडघे फुटत होते आणि मला बरं वाटत होतं. गुरुजींच्या ते ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल माझ्या हातून काढून घेतली. "तुमी मजेनं पडून राह्यले. अशानं चेनीची परीक्षा नाई होत."

दादा शेतातून सगळं बघत. आधी पाठ करून बघत नसल्यासारखं. मग वखर थांबवून. मग बांधावर बसून. एका सकाळी गुरुजी असे काही पडले, की चष्मा एकीकडे, टोपी एकीकडे. दादा उठले आणि घराकडे चालू लागले. आम्हाला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ते परत आले. खांद्यावर त्यांची चेन होती, त्यांच्या स्वतःच्या सायकलीची. आणि मागून सुजाता.

"हे घे," ते म्हणाले. "माह्या वावरापुढं रोज दोन मास्तर पडून राह्यले. बैलं बिचकतात."

त्यांची सायकल वर्षानुवर्षं धान्याची पोती घेऊन तोच चढ चढलेली. गुरुजींनी चेन हातात घेतली, दोन कड्या वाकवून पाहिल्या, आणि पहिल्यांदाच काही शेरा मारला नाही. चक्रावर घातली. खाचेत बसली. कोणी श्वास सोडला ते कळलं नाही, बहुधा मीच.

"मी बसून पाहतो," मी म्हणालो.

"तुमी नाई," दादा म्हणाले. "जिले जायचं आहे ते बसन. मी धरतो मागून."

सुजाताच्या हनुवटीवर टाक्यांची लाल रेघ होती. पाठीवर दप्तर होतं. कोणी आण म्हटलं नव्हतं. तिने सायकल हातात घेतली, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसली. दादा कॅरिअर धरून मागे पळायला लागले. साठीचा माणूस, धोतर खोचलेलं, धापा टाकत, "दाब! दाब बापा! पाहू नको मांगं!" अर्ध्या चढावर तिने सीटवरून उठून जोर दिला. आम्ही दोघे कान देऊन उभे. तेल नसलेल्या चेनीची कुरकुर तेवढी येत होती. दादांचा हात सुटला की त्यांनी सोडला, ठाऊक नाही. ती एकटी वर गेली, माथ्यावर क्षणभर दिसली आणि पलीकडच्या सपाटीवर दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघत राहिलो. आता वळून येईल, वरून हात करेल, विचारेल, बरी आहे ना म्हणून. दादा चढावर तसेच उभे होते, कॅरिअर धरल्यासारखा हात पुढे. माथ्यावर कोणी आलं नाही.

"पडली की काय?" मी म्हणालो, आणि पळणार, तेवढ्यात गुरुजींनी माझा दंड धरला. ते हसत होते. चष्म्याची एक काच तडकलेली, नाकावर मुरूम.

"शाळेत गेली ते," म्हणाले.

दादा खाली आले. मग घाम पुसत म्हणाले, "सांजीले कोन जाईन मंग तिले आनायले? माही तर चेनच गेली."

"कायले जायचं?" गुरुजी टोपी झटकत म्हणाले. "येईन ना आपली आपन. येतानी तर उतारच आहे."